इंजिनाच्या अंगावरील अक्षरे

कल्याणहून पुण्याकडे निघालेली आगगाडी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके मागे टाकीत उल्हास नदीच्या खोऱ्यातून कर्जतला पोहोचते. बदलापूरच्या फलाटावर घटकाभर उभे राहिले, तर नाना प्रकारच्या गाड्या जाताना दिसतात. लोकलगाडीला वेगळे इंजिन नसते. तिच्या काही डब्यांखालीच विजेच्या मोटारी बसविलेल्या असतात. लांब पल्ल्याची गाडी व मालगाडी यांना मात्र इंजिन लागते. त्याच्या अंगावर ‘डब्ल्यूएपी-७’, ‘डब्ल्यूएजी-९’ अशी काही अक्षरे व अंक लिहिलेले असतात. पाहणाऱ्याला ती निरर्थक वाटतात. परंतु इंजिनाची सारी ओळख त्यांतच साठविलेली असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. १८५६ साली कल्याणपासून बदलापूरवरून खोपोलीपर्यंत लोहमार्ग झाला आणि १८६३ साली बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. वाफेच्या इंजिनांचे प्रकार त्यांच्या चाकांवरून ओळखीत. २-४-० म्हणजे पुढे दोन लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी चार चाके आणि मागे एकही नाही. ओढणारी चाके मोठी असली की वेग साधतो. त्यांची संख्या अधिक असली की रुळांवरील पकड वाढते व जड ओझे ओढता येते. म्हणूनच पुढे प्रवासी गाडीसाठी ४-६-२ आणि मालगाडीसाठी २-८-२ अशी इंजिने तयार झाली.

पुढे इंजिनांचे प्रकार वाढले आणि ओळखीसाठी अक्षरे ठरविण्यात आली. विजेच्या व डिझेलच्या इंजिनाच्या नावातील अक्षरे तीन प्रश्नांची उत्तरे देतात.

पहिला प्रश्न : हे इंजिन कोणत्या रुळांवर चालते? ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंदमापी मार्ग. यात दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असते. ‘वाय’ म्हणजे मीटरमापी मार्ग. ‘झेड’ व ‘एन’ ही अरुंद मार्गांची अक्षरे होत. बदलापूरच्या पुढे नेरळ स्थानक आहे. तेथून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांमधील अंतर केवळ ६१० मिलिमीटर आहे. म्हणून तिच्या डिझेल इंजिनाचे नाव ‘एन’ने सुरू होते.

दुसरा प्रश्न : त्याला शक्ती कशापासून मिळते? ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘सी’ म्हणजे एकाच दिशेने वाहणारा विद्युत्प्रवाह आणि ‘ए’ म्हणजे दिशा सतत बदलणारा, अर्थात प्रत्यावर्ती प्रवाह. १९२९ साली कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, ती १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती. १९६१ साली चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेले पहिले विद्युत् इंजिन याच प्रवाहावर चालणारे होते. त्याचे नाव ‘लोकमान्य’ असे ठेवण्यात आले. पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारण्यात आला. उच्च दाबाची वीज दूरवर नेताना तारांत कमी वाया जाते आणि इंजिनातील रोहित्र तो दाब हवा तेवढा उतरवते. एकदिश प्रवाहाचा दाब रोहित्राने उतरविता येत नाही. दोन्ही प्रवाह वापरात होते, तेव्हा ‘सीए’ अक्षरांची इंजिने दोन्हींवर चालत. २०१६ सालापर्यंत मुंबईच्या परिसरातील सर्व उपनगरी मार्ग प्रत्यावर्ती प्रवाहावर आले.

तिसरा प्रश्न : त्याचे काम कोणते? ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडी, ‘जी’ म्हणजे मालगाडी, ‘एम’ म्हणजे दोन्ही आणि ‘एस’ म्हणजे स्थानकाच्या आवारात डबे हलविणे. शेवटचा अंक बहुधा त्या जातीतील क्रम दर्शवितो. डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ या इंजिनावरूनच तयार झाले. मुख्य फरक दंतचक्रांच्या प्रमाणाचा आहे. त्या फरकामुळे एक वेगाने धावते, तर दुसरे अवजड भार ओढते.

या भेदाची खरी कसोटी कर्जतच्या पुढे लागते. बोरघाटात कित्येक ठिकाणी ३७ मीटर अंतरात १ मीटर चढ आहे. सारी गाडी पुढूनच ओढली, तर डब्यांच्या सांध्यांवर फार ताण येतो. सांधा तुटला, तर मागचे डबे उतारावरून घसरू लागतील. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे साहाय्यक इंजिने जोडतात. ती गाडीला मागून रेटतात आणि सांध्यांवरील ताण हलका करतात. पूर्वी घाटात काम करणाऱ्या एका जातीच्या इंजिनाला लोक ‘खेकडा’ म्हणत. ते थांबले की त्यातून कण्हल्यासारखा आवाज येई.

चुकीच्या जातीचे इंजिन जोडले, तर गाडी चढावरच अडेल. वर्गीकरण हे केवळ पाठ करावयाचे कोष्टक नव्हे. योग्य कामासाठी योग्य यंत्र निवडता यावे आणि शेकडो प्रवासी सुखरूप घाट चढावेत, यासाठी ही अक्षरे आहेत.

स्वाध्याय

१. ‘डब्ल्यूडीएस’ या अक्षरांवरून इंजिनाविषयी कोणत्या तीन गोष्टी समजतात?
२. घाटात गाडीला मागूनही इंजिने का जोडतात?
३. जवळच्या स्थानकावर फलाटावरूनच पाहून पाच इंजिनांची नावे टिपा व त्यांचा अर्थ लिहा.