खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : प्रारंभीची दक्षता

समुद्रातील मासे काचेच्या पेटीत जगवावयाचे, तर प्रथम पाणी सिद्ध करावे लागते. शाळेत किंवा घरी असे मत्स्यालय उभारताना सुमारे १०० लिटरची पेटी घ्यावी. त्याहून लहान पेटीतील पाणी लवकर बिघडते. क्लोरीनविरहित गोड्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र गोड्या पाण्यानेच भरून काढावे. कारण मीठ पेटीतच राहते.

माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया निर्माण होतो. वाळू व खडकांवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता केवळ चिमूटभर खाद्य टाकीत जावे. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आढळल्यावर क्लाऊनफिशची एक जोडी सोडावी. बंदिस्त जागेत पैदास केलेली जोडी निवडल्यास समुद्रातील माशांवर भार पडत नाही.

केवळ मासे असल्यास साधा दिवा दिवसाकाठी आठ तास पुरतो. अधिक प्रकाशाने शेवाळ माजते. प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करीत असल्याने त्यांना तीव्र प्रकाश लागतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा होय, हे विद्यार्थ्यांना मत्स्यालयासमोरच समजावून द्यावे.