हिशेबाचा कागद : छापण्यापूर्वीचे अवलोकन

पूर्वी पेढीवर रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून तेरीज उतरविताना मुनीम प्रत्येक आकडा दोनदा वाचीत असे. हे काम संगणकाकडे आल्यापासून श्रम वाचले; परंतु वाचनाची ती सवयही मागे पडू लागली. अहवाल अथवा बिल क्षणात छापून निघते आणि त्यातील उणीव पुष्कळदा कागद ग्राहकाच्या हाती पडल्यावरच ध्यानात येते. हे टाळण्यासाठीच संपूर्ण पान मुद्रणापूर्वी पडद्यावर पाहण्याची सोय हिशेबाच्या प्रणालींत केलेली असते.

१९८६ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या संस्थेची 'टॅली' ही प्रणाली व्यापारीवर्गाच्या परिचयाची आहे. तिच्या 'टॅलीप्राइम' या आवृत्तीत अहवाल उघडून ऑल्ट व पी या कळा एकत्र दाबाव्यात, चालू अहवाल निवडावा आणि आय ही कळ दाबावी; म्हणजे कागदावर उमटणारे पान जसेच्या तसे पडद्यावर येते. त्यात पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

(१) कालावधी : एका महिन्याचा उतारा हवा असताना १ एप्रिलपासूनचे सर्व व्यवहार तर आले नाहीत ना, हे शीर्षकाखालील तारखांवरून कळते.

(२) मांडणी : ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. रकाने अधिक असल्यास उजवीकडील बेरजेचा रकाना तुटतो. अशा वेळी पान आडवे घ्यावे. एकूण पृष्ठसंख्याही पाहून ठेवावी.

(३) कर नोंदणी क्रमांक : वस्तू व सेवा कराचा हा क्रमांक १५ अक्षरी असून पहिले दोन अंक राज्याचे असतात. गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, मध्य प्रदेशाचे २३ आणि तेलंगणाचे ३६. मडगावच्या व्यापाऱ्याने बेळगावच्या दुकानदारास तेथे माल पोहोचविला, तर बिलात एकात्मिक कर दिसावयास हवा. केंद्र व राज्य असे दोन कर दिसल्यास नोंद तपासावी.

(४) बिलाचा क्रमांक व प्रती : क्रमांक १६ अक्षरांहून लांब नसावा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : खरेदीदार, वाहतूकदार आणि विक्रेता यांच्यासाठी.

यांपैकी तिसरी बाब विशेष महत्त्वाची होय. क्रमांकातील एक अक्षर चुकले तरी खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळण्यास अडथळा येतो आणि लहान दुकानदाराचे खेळते भांडवल अडकून पडते. दुरुस्तीच्या खटपटीपेक्षा पडद्यावरील दोन मिनिटे स्वस्त पडतात.

तथापि, अवलोकनालाही मर्यादा आहे. एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडली, तरी तेरीज जुळते आणि पानही नीटनेटके दिसते. म्हणून पडद्यावरचे पान पाहताना मूळ पावती शेजारी असावी. मुनिमाची जुनी रीत येथेही तितकीच उपयुक्त आहे.