बाबांसाठी टी-शर्ट घेतेयस ना?

अगं, बाबांना टी-शर्ट घ्यायचा म्हणतेस ना, मग आधी त्यांच्या कपाटाचा वरचा कप्पा उघडून बघ. गेल्या दिवाळीचा शर्ट अजून टाचण्यांसकट घडीत असेल. ‘कुठे जायचं-यायचं असलं की घालीन’ म्हणून ठेवलेला. आपली फी कधी चुकवली नाही, रात्री उशीर झाला की स्टँडवर घ्यायला हजर, पण स्वतःसाठी नवी वस्तू वापरायला काढायची म्हटली की हात आखडतो. म्हणून बघणारे ‘वा’ म्हणतील असा घेऊ नकोस. रोज सहज अंगात चढेल असा घे.

माप विचारायच्या फंदात पडू नकोस. ‘आहेत की ढीगभर’ एवढंच उत्तर मिळेल. त्यांचा नेहमीचा टी-शर्ट पलंगावर सपाट पसर आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लाव. २१ इंच भरला तर छाती ४२. पोटाजवळही मोज, पन्नाशीनंतर खरं माप तिथलंच. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं, तेव्हा दोन मापांत अडकलीस तर मोठं उचल.

कापडाची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. आपल्या हवेला १६० ते १८० पुरे. २४०चा हाताला भारदस्त लागतो खरा, पण फादर्स डे येतो जूनच्या तिसऱ्या रविवारी, ऐन पावसाच्या तोंडावर. तसला जाड टी-शर्ट दोरीवर दोन-दोन दिवस दमटच राहील. ‘कॉम्ब्ड कॉटन’ म्हणजे सूत कातायच्या आधी आखूड तंतू विंचरून काढलेले. ‘बायोवॉश’ म्हणजे एन्झाइमने वरची लव घालवलेली. दोन्ही असेल तर उत्तम, कापडावर गोळे कमी येतात.

आता चित्र. ‘जगातले बेस्ट बाबा’ असं छातीवर मिरवत ते दूध आणायला जायचे नाहीत, लाजतील. त्यांच्या आयुष्यातलंच काहीतरी शोध. बजाज चेतकवर पुढे उभं करून तुला शाळेत सोडलं असेल तर चेतक. वर्षानुवर्षं पुणे-मुंबई पास काढला असेल तर १९३०पासून धावणारी डेक्कन क्वीन. एसटीत नोकरी झाली असेल तर १९४८ साली पुण्याहून अहमदनगरला निघालेली ती पहिली गाडी. एका रेघेत काढलेलं, तळहाताएवढं चित्र बास. छातीभर डीटीएफचा छाप नको. तो वरून चिकटवलेला शाईचा थर असतो, त्याच्याखाली घाम कोंडतो. पाण्याच्या शाईचा स्क्रीन प्रिंट सुतात मुरतो, हात फिरवला तरी जाणवत नाही. आणि खिसा हवाच! चष्मा, पेन, वाण्याची यादी कुठे ठेवतील?

शेवटचं ऐक. गिफ्ट पेपरात गुंडाळून देऊ नकोस. लेबल कापून, एकदा उलटा करून धू, छापावर इस्त्री न फिरवता घडी घाल आणि त्यांच्या रोजच्या कपड्यांवर ठेवून दे. किंमत विचारतीलच. निम्मी सांग, नाहीतर तोही वरच्या कप्प्यात जाईल.