पोवळ्याचा दगड जिवंत असतो



या वेळच्या भित्तिपत्रकात मी प्रवाळाविषयी माहिती लिहीत आहे. प्रवाळालाच आपण पोवळं म्हणतो. ही माहिती मला एका चुकीमुळे मिळाली. चूक माझीच होती, म्हणून ती आधी सांगते.

मी काय केले

आमचा गाव मालवण तालुक्यात समुद्रकाठी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत अमावास्येला मोठी ओहोटी होती. मी आजीबरोबर खडपात कालवं काढायला गेले होते. खडपात पाण्याची डबकी राहतात. एका डबक्यात मला तपकिरी रंगाचा गोल दगड दिसला. त्याच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी होती. मला तो फारच आवडला. आजीची पाठ होती तेव्हा मी कोयतीने ठोकून तो सुटा केला आणि पिशवीत घातला.

घरी आल्यावर मी प्लास्टिकच्या पसरट टबात तो ठेवला. तांब्याच्या कळशीतून समुद्राचं पाणी आणून टबात ओतलं. टब अंगणात उन्हात ठेवला. रात्री बॅटरी लावून बघितलं तर दगडाच्या प्रत्येक खळगीतून बारीक बारीक बोटं बाहेर आली होती! मी ओरडलेच. आजोबा बाहेर आले. ते पूर्वी मासेमारीला जायचे. ते म्हणाले, "अगो चेडवा, तो दगड नाय, जितो जीव आसा तो."

मग तर मला आणखीच आनंद झाला. मी ठरवलं, याला पाळायचं. मी त्याला भाताची शितं घातली. दुसऱ्या दिवशी बोटं बाहेर आली नाहीत. वर बुळबुळीत साय आली. तिसऱ्या दिवशी टबाला घाण वास आला आणि सालपटं सुटू लागली. चौथ्या दिवशी दगड पांढराफटक झाला. तो मेला होता.

दोन दिवसांनी माझा मामा दुबईहून सुट्टीवर आला. मामा तिथे एका शेठच्या घरी कामाला आहे. त्या घरात समुद्राच्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे आणि टाकीत जिवंत प्रवाळ आहेत. त्यांची देखभाल मामाच करतो. मी रडत रडत त्याला पांढरा दगड दाखवला. मामाने मला सगळं समजावून सांगितलं. तेच पुढे लिहिते.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ म्हणजे झाड नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. जेलीफिश त्याचा नातेवाईक आहे. एका दगडावर असे शेकडो बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती बोटं असतात. तो पाण्यातून चुन्याचा अंश घेतो आणि आपल्याखाली चुन्याचं घर बांधतो. आपण दगड म्हणतो ते हे घर. जिवंत प्राणी म्हणजे वरचा पातळ थर.

त्याचा तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ राहतं. शेवाळ उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळ शेवाळाला राहायला जागा देतो. बाई म्हणाल्या, "असे एकमेकांच्या मदतीने राहणे म्हणजे सहजीवन."

आजीच्या मंगळसूत्रात लाल पोवळी आहेत. ती वेगळ्या जातीच्या प्रवाळाची असतात. ते लाल प्रवाळ भूमध्य समुद्रात खोल पाण्यात वाढतात. आपल्या खडपातले ते नव्हेत.

माझ्या पाच चुका

मामाने मला बोटं मोजून पाच चुका दाखवल्या.

१) ऊन : डबक्यात दर भरतीला थंड पाणी येतं. माझ्या टबात थोडंसंच पाणी होतं. मे महिन्याच्या उन्हात ते फार तापलं. मामाच्या टाकीत पाणी २५ ते २६ अंश सेल्सिअसला ठेवतात. दुबईत उन्हाळा कडक, म्हणून पाणी गार करायचं यंत्र लावलेलं आहे.

२) मीठ : ही चूक मला हिशेब केल्यावरच कळली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझ्या टबात १० लिटर पाणी होतं, म्हणजे ३५० ग्रॅम क्षार. उन्हाने २ लिटर पाणी उडालं. पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं! मिठागरात असंच मीठ मिळतं. मी काय केलं, तर पुन्हा २ लिटर समुद्राचंच पाणी ओतलं. त्यात ७० ग्रॅम क्षार. ३५० अधिक ७० म्हणजे ४२० ग्रॅम. १० लिटरला ४२० म्हणजे एका लिटरला ४२ ग्रॅम. पाणी जास्त खारट झालं. मी गोडं पाणी घालायला हवं होतं.

३) तांबं : तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्याला चालतं. पण खाऱ्या पाण्यात तांबं थोडं थोडं विरघळतं, आणि प्रवाळाला ते विष आहे. मामाच्या टाकीजवळ तांब्या-पितळेची वस्तू नेत नाहीत. साबणाचा हातसुद्धा पाण्यात घालत नाहीत.

४) स्थिर पाणी : समुद्र कधी थांबत नाही. लाटेबरोबर प्रवाळाला प्राणवायू मिळतो आणि त्याच्या अंगावरची घाण निघून जाते. माझ्या टबातलं पाणी हलतच नव्हतं.

५) भात : प्रवाळ भात खात नाही. तो पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव पकडून खातो. माझी शितं कुजली. त्यातून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार झाला.

टाकीत प्रवाळ कसे सांभाळतात

मामाने मला मोबाईलवर टाकीचे फोटो दाखवले. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. ४ × १.५ × २ = १२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. म्हणजे टाकीत ३४० लिटरच्या आसपास पाणी झालं. तेवढ्या पाण्याला सुमारे १२ किलो मीठ लागतं. पण हे आमटीत घालायचं मीठ नव्हे. समुद्रात जे जे क्षार असतात ते सगळे मिसळून केलेलं खास मीठ मिळतं. ते अगदी शुद्ध गाळलेल्या पाण्यात विरघळवतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते वापरत नाहीत.

पाणी तयार झालं की लगेच प्रवाळ ठेवायचा नाही. आधी समुद्री दगड आणि वाळू घालून चार ते सहा आठवडे थांबायचं. तेवढ्या दिवसांत दगडांवर चांगले जिवाणू वाढतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. ते कमी विषारी असतं. अमोनिया शून्य आला की आधी एकदोन मासे सोडतात. प्रवाळाची पाळी त्यानंतर, पाणी काही महिने नीट राहिलं तर येते. मामा म्हणाला, "बाय, या कामात जो घाई करतो त्याचं नुकसान होतं."

मामाचं रोजचं काम असं असतं :

सकाळी उठल्यावर पहिल्यांदा पाण्याचं तापमान बघणे.

जेवढं पाणी उडालं असेल तेवढं शुद्ध गोडं पाणी घालणे.

पाणी हलवणारे पंप नीट चालतात का ते बघणे.

निळे-पांढरे दिवे आठ-दहा तास लावणे आणि रात्री बंद करणे. शेवाळाला दिवस लागतो तशी रात्रही लागते.

काचेवरचं शेवाळ पुसणे.

प्रवाळाचे रंग बघणे आणि कोणी मिटून बसला आहे का ते बघणे.

आठवड्यातून एकदा साधारण दहावा भाग पाणी बदलायचं, म्हणजे ३४ लिटर. नवीन पाणी आदल्या दिवशीच मीठ घालून, हलवून, तेवढ्याच तापमानाचं करून ठेवतात. पाण्यातलं कॅल्शियमसुद्धा मोजतात. एका लिटरमध्ये सुमारे ४२० मिलिग्रॅम लागतं. प्रवाळ घर बांधताना ते वापरतो. म्हणून कमी झालं की थोडं थोडं घालावं लागतं. एकदम घातलं तर त्रास होतो.

एक गंमत सांगते. प्रवाळ शेजाऱ्याशी भांडतात! रात्री लांब बोटं काढून ते एकमेकांना डंख मारतात. म्हणून दोघांच्या मध्ये जागा सोडून ठेवतात. आमच्या वर्गातसुद्धा बाई काही मुलांना असंच बसवतात.

मी विचारलं, "मामा, लाइट गेली तर?" मामा म्हणाला, "तर पंप बंद. थोड्या तासांतच जीव गुदमरायला लागतात. म्हणून तिथे बॅटरी ठेवली आहे." आमच्या गावात पावसाळ्यात लाइट दिवस दिवस जाते. माझा टब राहू दे, तशी मोठी टाकी असती तरी ती आमच्या घरी टिकली नसती.

मी विचारलं, "मग तुमचे प्रवाळ कुठल्या खडपातून आणले?" मामा म्हणाला की ते समुद्रातून तोडून आणलेले नाहीत. टाकीतच वाढलेल्या मोठ्या प्रवाळाचा लहान तुकडा कापतात आणि चकतीवर चिकटवतात. आपण जास्वंदीची फांदी लावतो ना, तसं. त्या तुकड्याचा पुढे मोठा प्रवाळ होतो.

आपल्याकडे कायदा काय आहे

शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई रागावतील. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी कायदा समजावून सांगितला. भारतात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वाघाला जशी त्याच्या पहिल्या यादीत जागा आहे तशी दगडी घर बांधणाऱ्या प्रवाळालाही आहे. म्हणून समुद्रातून प्रवाळ तोडणे, घरी ठेवणे किंवा विकणे गुन्हा आहे. मेलेला पांढरा दगडसुद्धा शोभेला आणायचा नाही.

भारतात प्रवाळाच्या मोठ्या वसाहती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधला. तिथल्या समुद्राला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. मी तो किल्ला किती वेळा बघितला, पण खालच्या पाण्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

समुद्राचं पाणी फार दिवस तापलं तर प्रवाळ अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्या वेळी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं. नाही झालं तर तो मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची ही चौथी वेळ आहे. माझ्या टबात जे झालं ते समुद्रातही होतं, हे ऐकून मला भीती वाटली. समुद्राला तर बाहेरून गार पाणी घालता येत नाही.

प्रवाळाच्या कपारीत माशांची पिल्लं लपतात. समुद्रतळाच्या शंभरातला एक भागसुद्धा प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जिवांच्या सुमारे चौथा हिस्सा जाती त्यांच्या आसऱ्याने राहतात. आजोबा म्हणाले की नांगर टाकताना खडक सोडून वाळूत टाकावा, म्हणजे प्रवाळ मोडत नाही.

शेवटी

मामाने मला माझी पट्टी आणायला सांगितली. आम्ही दगड मोजला. तो पाच सेंटिमीटर उंच भरला. असे गोल प्रवाळ वर्षाला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तो कमीत कमी पाच आणि फार तर दहा वर्षांचा होता. मी पण दहा वर्षांची आहे. मी जन्मले तेव्हा कदाचित तोही खडपात घर बांधायला लागला असेल. मी त्याला चार दिवसांत मारला.

पुढच्या ओहोटीला मी आणि मामा खडपात गेलो. पांढरा दगड मी त्याच डबक्यात परत ठेवला. मामा म्हणाला, "याच्यावर दुसरं पिल्लू येऊन बसू शकतं." प्रवाळाची पिल्लं पाण्यातून तरंगत येतात आणि कठीण जागा बघून चिकटतात. एकदा चिकटली की ती जागा सोडत नाहीत. पाऊस संपला की मी बघायला जाणार आहे. नुसतं बघणार, हात लावणार नाही.

मित्रांनो, तुम्ही खडपात जाल तेव्हा नक्षीच्या दगडावर पाय देऊ नका आणि तो काढू नका. कोणी काढत असेल तर त्याला हा लेख वाचायला सांगा.

सांगा पाहू :

१) प्रवाळ झाड आहे, दगड आहे की प्राणी?

२) टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर कोणतं पाणी घालावं? का?

३) २० लिटर समुद्राच्या पाण्यात किती ग्रॅम क्षार असतील?

(उत्तरे लेखातच आहेत. तिसऱ्याचे उत्तर पाटीवर करून बाईंना दाखवा.)

आपली मैत्रीण,
इयत्ता चौथी