बंदराच्या दारात

यवतमाळ जिल्ह्याची काळी कसदार भूमी कापसासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी येथील कापूस यवतमाळ-मूर्तिजापूर या छोट्या रेल्वेने मुख्य लोहमार्गापर्यंत जाई आणि तेथून मुंबई बंदरात पोचे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या भूमीचा सागराशी असा जुना संबंध आहे. आता परदेशी जाणारा पुष्कळसा माल पोलादी पेट्यांत भरतात. या पेट्यांनाच कंटेनर म्हणतात. हजारो कंटेनर वाहून नेणारी प्रचंड जहाजे रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरात येतात. हे बंदर १९८९ साली सुरू झाले.

तीनशे मीटरांहून अधिक लांबीचे असे जहाज महासागर एकट्याने ओलांडते. परंतु बंदराच्या दारात आले म्हणजे त्याला इतरांचे साहाय्य घ्यावे लागते. असे का व्हावे?

याचे कारण जहाजाच्या प्रचंडपणातच आहे. भर समुद्रात पाणी खोल असते व वळावयास जागाही विपुल असते. बंदराजवळ मात्र गाळ उपसून खोल केलेल्या मार्गानेच जावे लागते. त्या मार्गाबाहेर उथळ पाणी व खडक असतात. जहाजाला मोटारीसारखा ब्रेक नसतो. यंत्र थांबविले तरी ते बराच वेळ पुढे सरकत राहते. वेग कमी झाला, की सुकाणूचा प्रभावही कमी होतो. शिवाय कंटेनरांच्या उंच भिंतीवर वारा शिडावर आदळावा तसा आदळतो.

म्हणून अशा बंदरात त्या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला एक वाटाड्या नाविक जहाजावर जातो. त्यास पायलट म्हणतात. विमान चालविणारा पायलट तो निराळा. तो लहानशा नौकेतून जहाजाच्या कुशीला येतो. जहाज मंद गतीने चालूच असते. कप्तान ते किंचित वळवून आडोसा निर्माण करतो व पायलट दोराच्या शिडीने वर चढतो. पावसाळ्यात लाटा नौकेला खालीवर फेकीत असतात. अशा वेळी एक पाऊल चुकले, तरी प्राणाशी गाठ पडते.

वर पोचताच तो कप्तानाशी विचारविनिमय करतो. जहाजाचा किती भाग पाण्याखाली आहे, भरती केव्हा आहे, वारा कोठून वाहतो, हे सारे पाहून मार्ग व वेग ठरतो. उथळ पाण्यात वेग वाढला तर जहाज अधिक खोल बसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. पायलट मार्ग सांगतो, परंतु जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच असते.

मुंबईच्या सागरद्वारातून आत शिरताना डाव्या हाताला कुलाब्याजवळचे प्राँग्ज दीपगृह दिसते. मार्गाच्या दोन्ही बाजूंस तरंगत्या खुणा असतात : डावीकडे तांबड्या, उजवीकडे हिरव्या. पुढे घारापुरी बेटासमोर न्हावा-शेव्याचे धक्के लागतात.

येथे ओढनौकांचे काम सुरू होते. त्यांना टग म्हणतात. आकाराने त्या जहाजापुढे चिमुकल्या. पण त्यांची यंत्रे बलवान असतात. आधुनिक ओढनौका पन्नास टनांहून अधिक जोराने ओढू शकते. जहाजावरून आधी हलकी दोरी खाली सोडतात, मग तिच्याआधारे जाड दोरखंड ओढनौकेशी बांधतात. पायलट बिनतारी यंत्रावरून आज्ञा देतो : एक ओढनौका मागून आवरते, दुसरी कुशीला लागून ढकलते. अखेरचे काही मीटर जहाज अगदी संथपणे, आडवे सरकत धक्क्याला टेकते. ते वेगाने आदळले, तर धक्का व जहाज दोहोंचीही हानी होईल. मग धक्क्यावरील माणसे दोर खुंट्यांना अडकवतात आणि ओढनौका दूर होतात.

या दक्षतेचे मोल ७ ऑगस्ट २०१० रोजी साऱ्यांस कळले. त्या दिवशी मुंबईच्या सागरद्वाराशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले व तेल पाण्यावर पसरले. खलाशी वाचले, परंतु दोन्ही बंदरांचा मार्ग काही दिवस बंद पडला. किनाऱ्यावरील कोळ्यांची मासेमारीही संकटात आली.

दूरच्या शेतातील कापूस परदेशी सुखरूप पोचतो, त्यामागे शेतकऱ्याप्रमाणेच या नाविकांचेही श्रम असतात. जहाज कितीही बलाढ्य असले, तरी बंदराच्या दारात त्याला जाणत्या वाटाड्याचे ऐकावे लागते व लहान नौकांचा हात धरावा लागतो.

स्वाध्याय
१. महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला बंदराजवळ साहाय्य का लागते?
२. पायलट व कप्तान यांच्या कामांतील फरक सांगा.
३. ‘प्राणाशी गाठ पडणे’ व ‘खडान्‌खडा माहिती असणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या गावातील एखादा माल बाजारात पोचेपर्यंत कोणाकोणाचे हात लागतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.