कॅसिनो जिंकणाऱ्याला बाहेर काढतो का?
खेळायला बसण्याआधी समजून घ्यायचे नियम, कर आणि खरा खर्च

गोव्याची सहल ठरली की मंडळींत कोणीतरी हमखास म्हणतो, "फार जिंकलं तर म्हणे बाहेर काढतात." ऐकायला हा इशारा वाटतो, पण त्यात मोठे आमिष आहे. जिंकणे शक्य आहे, फक्त मालक जिंकू देत नाही, असा त्याचा अर्थ मनात रुजतो. मग दोन हजार घालवायला गेलेला माणूस वीस हजार लावून बसतो. म्हणून या समजुतीमागचे खरे काय ते आधी पाहू आणि नंतर एका संध्याकाळचा खर्च रुपयांत मांडू.

थोडक्यात उत्तर

नशिबाने जिंकणाऱ्याला कॅसिनो सहसा बाहेर काढत नाही. थांबवतो तो अशा खेळाडूला, ज्याच्या खेळाचे गणित कॅसिनोच्या विरुद्ध जाते. असा खेळाडू त्या दिवशी हरत असला तरी त्याला उठवतात. आणि गणित कॅसिनोच्या बाजूचे असेल, तर लाखो जिंकणाऱ्यालाही आग्रहाने पुन्हा बोलावतात.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचे. टोकियोतील जमीनजुमल्याचे व्यावसायिक अकिओ काशिवागी बॅकरा या पत्त्यांच्या खेळात एकेका डावाला 2 लाख डॉलर लावत. फेब्रुवारी 1990 मध्ये ट्रम्प प्लाझा कॅसिनोत त्यांनी 60 लाख डॉलरहून अधिक जिंकले. कॅसिनोने त्यांना मे महिन्यात परत बोलावले. त्या खेपेला ते सुमारे 1 कोटी डॉलर हरले. बॅकरामध्ये प्रत्येक डावात कॅसिनोचा वाटा एका टक्क्याच्या आसपास असतो. डाव वाढत गेले की तो एक टक्का आपले काम करतो. म्हणूनच जिंकलेले गिऱ्हाईक परत येणे कॅसिनोला हवे असते.

मग उठवतात कोणाला?

मुख्यतः ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणाऱ्याला. या खेळात वाटून झालेले पत्ते लगेच परत गड्डीत जात नाहीत, त्यामुळे मागच्या डावांवरून पुढचा अंदाज बांधता येतो. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी 1962 साली 'बीट द डीलर' या पुस्तकात हे जाहीरपणे मांडले. आज सर्वांत प्रचलित पद्धत अशी: दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक, सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का गेला की उणे एक. समजा पंजी, तिर्री, राजा, छक्की, अठ्ठी, दुर्री असे सहा पत्ते निघाले. बेरीज झाली अधिक तीन. ही बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची. उत्तर मोठे आले, तर उरलेल्या पत्त्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के जास्त आहेत आणि पारडे खेळाडूकडे झुकले आहे. अशा वेळी तो पैज वाढवतो.

नेमकी हीच वाढ त्याला पकडून देते. छतावरच्या कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस तीच बेरीज स्वतः करत असतो. बेरीज कमी असताना 25 डॉलर आणि चढली की 250 डॉलर, असे पुन्हा पुन्हा घडले की टेबलांवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसला फोन जातो. किती जिंकले हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. पैज कधी वाढली, हे पाहिले जाते.

एवढा खटाटोप करून हाती काय लागते? मोजणाऱ्याची आघाडी चांगल्या परिस्थितीत साधारण 1 टक्का असते. सरासरी 50 डॉलरची पैज आणि तासाला 80 डाव धरले, तर ताशी अपेक्षित कमाई 40 डॉलर. पण त्याच तासात 500 डॉलर वर किंवा खाली जाणे अगदी सर्रास घडते. म्हणजे मोठे भांडवल, महिनोन्महिने सराव आणि कधीही उठवले जाण्याची तयारी लागते. सहलीला गेलेल्या माणसाचे हे काम नाही.

उठवतात म्हणजे नेमके काय करतात?

पहिली पायरी म्हणजे पत्ते लवकर लवकर पिसणे किंवा तुमच्या पैजेची कमाल मर्यादा खाली आणणे. दुसरी पायरी: पिट बॉस येऊन शांतपणे सांगतो की ब्लॅकजॅक सोडून दुसरे काहीही खेळा. तिसरी पायरी म्हणजे आवारात येण्यालाच बंदी. बंदीची सूचना मिळाल्यावर परत गेलात, तर अमेरिकेत तो अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा होतो.

कायदा मात्र जागेनुसार बदलतो.

*नेवाडा, म्हणजे लास वेगास:* डोक्यात पत्ते मोजणे गुन्हा नाही. तरीही कॅसिनो ही खासगी जागा असल्याने मालक खेळायला मनाई करू शकतो. मोजण्यासाठी फोन किंवा अन्य यंत्र वापरणे मात्र गंभीर गुन्हा आहे.

*न्यू जर्सी, म्हणजे अटलांटिक सिटी:* केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली निकाल दिला की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला आपल्या मर्जीने कोणाला बाहेर काढता येणार नाही. पत्ते वारंवार पिसण्याची आणि मर्यादा घालण्याची मुभा कॅसिनोंना राहिली.

*ब्रिटन:* पोकरपटू फिल आयवी यांनी 2012 साली लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत 77 लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीच्या कडांमधला बारीक फरक ओळखता यावा, म्हणून अंधश्रद्धेचे निमित्त सांगून डीलरकडून ठरावीक पत्ते फिरवून घेतले होते. कॅसिनोने मूळ रक्कम परत केली, जिंकलेली रक्कम रोखली. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरवली. नुसती बुद्धी चालवणे आणि खेळाच्या साहित्यात किंवा मांडणीत हातचलाखी करणे, या दोहोंत कायदा फरक करतो.

सरळ खेळून मिळालेल्या चिप्सचे पैसे मिळणे हा तुमचा हक्क आहे. नेवाडात 500 डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेचा वाद मिटला नाही, तर कॅसिनोने स्वतःच तेथील गेमिंग कंट्रोल बोर्डाला कळवावे लागते. रक्कम कमी असली तरी तुम्हाला बोर्डाकडे जाता येते, हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. वाद झाला तर आवाज चढवू नका. वेळ, टेबल आणि रक्कम लिहून घ्या आणि तक्रारीची मागणी करा.

तासाला किती जातात?

हिशेब सोपा आहे: एका डावाची पैज, गुणिले तासाचे डाव, गुणिले कॅसिनोचा टक्का. प्रत्येक डावाला 1,000 रुपये लावले, तर सरासरी नुकसान असे:

- एका शून्याचे रूलेट, तासाला 40 फेऱ्या, टक्का 2.70: सुमारे 1,080 रुपये.
- दोन शून्यांचे रूलेट, तेवढ्याच फेऱ्या, टक्का 5.26: सुमारे 2,100 रुपये.
- बॅकरा, बँकरच्या बाजूने, 70 डाव, टक्का 1.06: सुमारे 740 रुपये.
- ब्लॅकजॅक, नियम चांगले आणि खेळ पुस्तकाप्रमाणे अचूक असेल तर, 60 डाव, टक्का 0.5: सुमारे 300 रुपये.

हे सरासरीचे आकडे आहेत. एखाद्या संध्याकाळी तुम्ही बरेच जिंकाल किंवा सगळे हराल, दोन्ही शक्य आहे.

बसण्याआधी तीन गोष्टी पाहा. रूलेटच्या चाकावर शून्ये किती आहेत ते मोजा. ब्लॅकजॅकच्या टेबलावर छापलेला दर वाचा: एक्का आणि दश्शीची जोडी लागली तर 1,000 रुपयांवर 3:2 दराने 1,500 मिळतात, 6:5 दराने फक्त 1,200, आणि या एका बदलाने कॅसिनोचा टक्का सुमारे 1.4 ने वाढतो. बॅकरातल्या बरोबरीच्या पैजेला हात लावू नका, तिथे टक्का 14 च्या वर आहे. आपल्या ओळखीच्या अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूने पत्ते वाटायला सुरुवात होते, ती साधारण 51.5 टक्के वेळा जिंकते. म्हणून त्या बाजूला अनेक ठिकाणी रुपयाला 90 पैसेच देतात, आणि दोन्ही बाजूंना मिळून कॅसिनोचा टक्का 2 ते 3 च्या दरम्यान राहतो.

गोव्यात खरा खर्च कराचा

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे आपली पावले पणजीकडे, मांडवीतल्या जहाजांकडे वळतात. तिथे वयाची अट 21 वर्षे आहे, तेव्हा ओळखपत्र बरोबर ठेवा. गोव्याच्या रहिवाशांना 2020 पासून खेळायला प्रवेश बंद आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरील जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला आहे. चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर तो लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर परत लागत नाही. मात्र न खेळता चिप्स परत केल्या, तरी करमोजणीतून ती रक्कम वजा होत नाही.

रुपयांत पाहू. कर वरून लावला, तर 10,000 च्या चिप्ससाठी 14,000 मोजावे लागतात. कर धरून किंमत असेल, तर 10,000 देऊन सुमारे 7,140 च्या चिप्स हातात येतात. पहिल्या प्रकारात तुम्ही छान खेळून 13,000 च्या चिप्स घेऊन उठलात, तर टेबलावर 3,000 जिंकल्यासारखे वाटते. खिशातून मात्र 1,000 रुपये गेलेले असतात. एका शून्याच्या रूलेटवर 1,000 रुपयांच्या पैजेने जवळजवळ चार तास खेळून सरासरी जे हरले असते, तेवढे 4,000 रुपये इथे खेळण्याआधीच गेले. अट्टल पत्तेमोजणाऱ्यालाही एक टक्क्याच्या आघाडीने ते भरून काढायला 4 लाख रुपयांचे डाव खेळावे लागतील. या कराचा भार काही ठिकाणी पॅकेजमध्ये धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा आकारतात. काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा: "एवढे पैसे दिले, तर खेळायच्या चिप्स किती?"

जिंकलात तर आयकर वेगळा. जुगारातील जिंकलेल्या रकमेवर सपाट 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. 1 लाखावर 31,200 रुपये. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादेचा लाभ नाही आणि हरलेली रक्कमही त्यातून वजा करता येत नाही. शनिवारी 1 लाख जिंकून रविवारी 1 लाख हरलात, तरी शनिवारच्या जिंकण्यावर कर उभा राहतो. कॅसिनोने कर कापला असो वा नसो, विवरणपत्रात दाखवण्याची जबाबदारी तुमची.

अमेरिकेत गेलात तर

तिथे अनिवासी असलेल्या पाहुण्याच्या स्लॉट मशीनवरील मोठ्या रकमेतून 30 टक्के कर कापला जातो. ब्लॅकजॅक, बॅकरा, रूलेट, क्रॅप्स या खेळांतील जिंकलेल्या रकमेला अनिवासींसाठी सूट आहे. पण तुम्ही भारतात निवासी करदाते असाल, तर परदेशातले जिंकलेलेही इथे दाखवावे लागते. तिकडे कर कापल्याचा कागद जपून ठेवा, इथे त्याचे श्रेय मागता येते.

फुकट खोली, फुकट जेवण

या सवलती तुमच्या प्रत्यक्ष हरण्यावर ठरत नाहीत. सरासरी पैज, तासाचे डाव, बसलेले तास आणि खेळाचा टक्का यांवरून कॅसिनो तुमचे अपेक्षित नुकसान काढतो आणि त्यातला काही भाग जेवण-खोलीच्या रूपाने परत देतो. बुफेच्या लोभाने दोन तास जास्त बसणे म्हणजे स्वतःच्या पैशाने महागडे जेवण घेणे.

निघण्यापूर्वी

1. जाईल असे धरूनच रक्कम ठरवा. तेवढीच रोख न्या. कार्ड आणि फोनवरून पैसे पाठवायची सोय खोलीवर ठेवा.
2. चिप्स थोड्या थोड्या घ्या. एकदम घेऊन परत केल्या, तर भरलेला कर वाया जातो.
3. प्रवेश नाकारण्याच्या आणि पैसे परत देण्याच्या अटी पैसे भरण्याआधी वाचा.
4. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. परदेशी संकेतस्थळाने जिंकलेले पैसे अडकवले, तर दाद मागायला जागा उरत नाही.
5. हरलेले भरून काढायला आणखी पैसे आणावेसे वाटले, तर तिथेच उठा. उठवत नसेल, घरी खोटे सांगावे लागत असेल, उसनवारी सुरू झाली असेल, तर 14416 या टेलि-मानसच्या सरकारी मदतवाहिनीवर फोन करा. ती मोफत आहे, मराठीतही बोलता येते, आणि हा फोन घरच्या माणसानेही करायला हरकत नाही.