आधी वायर बघ, मग वायफाय

अगं, वायफायला शिव्या घालणं आधी थांबव. परवा फोनवर मी मध्ये बोलले नाही, कारण शेजारी सगळे बसलेले होते आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार होता. आता निवांत ऐक.

गंगेचं पाणी किती चढलं ते आजीला खिडकीशी न जाता कळावं म्हणून तू ती डबी बनवलीस आणि वाराणसीच्या भोसले घाटाच्या वरच्या अंगाला, खालच्या कमानीत बसवलीस. सेन्सर पाण्याचं अंतर मोजतो, बोर्ड ते वायफायवरून घरी पाठवतो. कधी तासभर सुरळीत, तर कधी पाच मिनिटांत गप्प. घरातले म्हणतात रेंज नाही, आणि काका नवा राउटर आणायला निघालेत. त्यांना थांबव. त्या पैशांत तुझी डबी दोनदा नव्याने बनेल.

डबी गप्प होते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी शोधायचं. बोर्ड स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतोय, की तो जिवंत आहे आणि फक्त राउटरशी संबंध तुटलाय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र पार वेगळे. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर आणखी दोन गोष्टी पाठव: बोर्ड सुरू होऊन किती मिनिटं झाली, आणि शेवटचा रीसेट कशामुळे झाला. तुझा ईएसपी ८२६६ बोर्ड हे दोन्ही सांगू शकतो, विचारायला प्रोग्राममध्ये दोन ओळी पुरतात. शांततेनंतरच्या नोंदीत मिनिटं शून्यापासून सुरू झाली असतील, तर बोर्ड पडला होता. आधी ३४० आणि मग थेट ३६५ असतील, तर बोर्ड जागाच होता, रस्ता बंद होता. एक रात्र एवढंच बघ. बाकी कशाला हात लावू नकोस.

माझी पैज पहिल्यावर आहे. कारण बोलता बोलता तू सांगून गेलीस की वरच्या मजल्यावरच्या मोबाइल चार्जरपासून खाली कमानीपर्यंत तू घंटीची वायर ओढली आहेस.

आता त्या वायरीचा हिशेब मांडू. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०१७५ ओहम रोध असतो. तुझी वायर फार तर ०.२ चौरस मिलिमीटर असेल. अंतर १५ मीटर धर. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे तार ३० मीटर. रोध झाला २.६ ओहम. बोर्ड नुसता बसलेला असताना ७०-८० मिलीअँपिअर घेतो, तेव्हा वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट जातात आणि सगळं ठीक दिसतं. पण वायफायवरून काही पाठवायच्या क्षणी तो ३०० मिलीअँपिअरच्या आसपास झेप घेतो. आता वायरीतच ०.८ व्होल्ट जातात. वरून ५ निघालेले खाली ४.२ उरतात. बोर्डावरचा तो छोटा रेग्युलेटर ३.३ व्होल्ट बनवतो खरा, पण त्यासाठी त्याला आत साधारण ४.४ तरी लागतात, शिवाय वाटेतला डायोड स्वतःचं थोडं घेतो. म्हणजे नेमक्या बोलायच्या क्षणी बोर्डाचा गळा आवळला जातो. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरच्या न्हाणीत धार बारीक होते, तसंच हे. टाकी भरलेली असून काही उपयोग नाही.

आणि तू म्हणशील, ताई, मी मल्टिमीटर लावून बघितलं, ३.३ बरोबर येत होते. येणारच. ती घसरण हजारांश सेकंदाची असते आणि मल्टिमीटर सरासरी दाखवतो. त्याच्यावर या बाबतीत विश्वास ठेवू नकोस. खात्री करायचा सोपा मार्ग असा: डबी एक रात्र घरात आण, चांगल्या चार्जरला हातभर लांबीची चांगली केबल जोड आणि रीसेट मोज. रीसेट थांबले, तर आरोपी सापडला.

उपाय दोन आहेत. जाड वायर टाकणं हा एक. चालेल, पण महाग. दुसरा मला जास्त आवडतो. वरून ५ ऐवजी १२ व्होल्ट सोड आणि खाली डबीतच एक छोटा स्टेप-डाउन कन्व्हर्टर बसवून ५ कर. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला निम्म्याहून कमी करंट लागतो, वायरीत अर्धा व्होल्टही जात नाही, आणि गेला तरी कन्व्हर्टरला फरक पडत नाही. त्याच्या जोडीला बोर्डाच्या ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांमध्ये, अगदी खेटून, ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लाव. त्याची उलटसुलट बाजू बघून लाव. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी टेबलावर ठीक. घाटावरच्या दमट हवेत त्यांचे सांधे हिरवे पडतात, तेव्हा सगळं सोल्डर करून टाक. आणि एक गोष्ट दटावून सांगते: कुणी कितीही म्हणालं तरी २३० व्होल्टची लाइन खाली पायऱ्यांकडे न्यायची नाही. चार्जर खाली बसवू, एक्स्टेंशन टाकू, असलं काही नको. तिथे पाणी येणार आहे, हे मोजण्यासाठीच तर सगळा खटाटोप आहे.

आता डबा. माकडांच्या धाकाने तू बोर्ड फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात घातलास. माकडांचं तुझं भय खरं आहे. २०१५ साली रॉयटर्सने वाराणसीची बातमीच दिली होती, गंगेकाठी टाकलेल्या फायबर ऑप्टिक केबली माकडांनी दोन महिन्यांच्या आत चावून टाकल्या आणि त्या पुन्हा घालाव्या लागल्या. सरकारी इंजिनिअर जिथे हात टेकतात, तिथे तू काळजी घेतलीस हे बरंच केलंस. पण पत्रा रेडिओ लहरी अडवतो. आत्ता तुझा सिग्नल बाहेर पडतोय तो झाकणाच्या फटीतून आणि वायरीसाठी पाडलेल्या भोकातून. लोखंडी जाळीचा पिंजरा करू म्हणशील, तर तोही नको, २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, बारीक भोकांची जाळी तिला भिंतीसारखीच वाटते. इलेक्ट्रिशियन वापरतात तो पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स घे, स्क्रूने आवळ, भोकं सिलिकॉनने बंद कर. बोर्डाच्या टोकाला नागमोडी रेष छापलेली आहे ना, तो अँटेना. ते टोक राउटरच्या दिशेला ठेव आणि त्याच्यावरून एकही वायर जाऊ देऊ नकोस.

मग दगड. आपल्या नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला तो घाट आणि वरचा वाडा बांधला, तो पिढ्यान्‌पिढ्या पुरासमोर उभा राहावा म्हणून. वायफायचा विचार त्यात अर्थातच नव्हता. आजूबाजूची जुनी घरंही तशीच, हातभर जाडीच्या दगडी भिंतींची. पावसाळ्यात तोच दगड पाणी पिऊन बसला की लहरी आणखी गिळतो. म्हणून उन्हाळ्यात चाललेली जागा श्रावणात चालेलच असं नाही. अंदाज नको, आकडा घे. बोर्डाला सिग्नलची ताकद विचार, उत्तर उणे आकड्यात येतं. उणे ६७ पर्यंत आनंद आहे. उणे ७५ च्या पुढे रडतखडत, आणि उणे ८५ ला आशा सोड. डबी चार-सहा सेंटिमीटर डावी-उजवीकडे सरकवूनही आकडा बदलतो, कारण दगडावरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना मारतात, कुठे जोर देतात. राउटर मात्र आतल्या खोलीतल्या कपाटावरून उचलून नदीकडच्या खिडकीत आण. अर्धं काम तिथेच होईल. यावर घरात कुरकुर होईल, होऊ दे.

हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, तेही लक्षात घे. सिग्नल अशक्त असला की बोर्डाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि सावकाश पाठवावी लागते, म्हणजे जास्त वेळ जास्त वीज. पत्र्याचा डबा आणि बारीक वायर एकेकटे असते तर कदाचित निभावलं असतं.

तुझा प्रोग्रामही मी वाचला. बरा लिहिला आहेस. एकच जागा खटकली. संबंध तुटला की तू दर दोन सेकंदांनी पुन्हा जोडायचा हुकूम देतेस. राउटरशी ओळख पटवून पत्ता मिळायला कधी कधी पाच-सात सेकंद लागतात. तू दर वेळी अर्ध्यातच ती बोलणी मोडतेस आणि पहिल्यापासून सुरू करायला लावतेस. एकदा हुकूम दे, अर्धा मिनिट वाट बघ. दहा मिनिटांत जमलं नाही तर बोर्डाला स्वतःच रीसेट होऊ दे. वाट बघतानाही त्याला मधून मधून श्वास घेऊ दे, नाहीतर तीनेक सेकंदांत आतला वॉचडॉग रीसेट करतो आणि तू पुन्हा वायफायला दोष देतेस.

राउटरच्या बाजूचं थोडक्यात सांगते. तुझा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतो, ५ नाही. दोन्हींना एकच नाव असेल तर २.४ ला वेगळं नाव दे. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर ठेव. नुसतं डब्ल्यूपीए-३ केलंस तर हा बोर्ड दारातच अडेल. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते पक्कं करून टाक. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे, म्हणून गल्लीतलं प्रत्येक घर, गेस्ट हाउस आणि हॉटेल त्यातच कोंबलेलं आहे. देवदिवाळीला घाटावर माणूस मावत नाही आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन असतो; त्या रात्री डबी अडखळली तर तिला माफ कर. सार्वजनिक मोफत वायफायच्या मागे लागू नकोस. तिथे आधी फोन नंबर, मग ओटीपी, आणि तुझ्या डबीला ओटीपी वाचता येत नाही.

जाता जाता एक, वायफायशी संबंध नसलेलं. मे महिन्यात ४५ अंशांना आवाज सेकंदाला ३५८ मीटर जातो, तू प्रोग्राममध्ये ३४३ धरलंय. तीन मीटरवरचं पाणी त्यामुळे १२-१३ सेंटिमीटर वर दिसेल, भर उन्हाळ्यात गंगा अर्धी वीत चढल्यासारखी. तापमान मोजून दुरुस्ती घाल.

आता मनातलं सांगते. हे सगळं नीट केलंस तरी वायफाय कधीतरी जाईलच. पूर येतो त्याच दिवशी वीज जाते, केबल तुटते, राउटर बंद पडतो. तेव्हा इशारा वायफायवर अवलंबून ठेवायचाच नाही. त्याच १२ व्होल्टच्या वायरीबरोबर आणखी एक जोडी वर ओढ आणि आजीच्या खोलीत साधा बझर लाव, पाणी ठरलेल्या पायरीवर आलं की वाजणारा. वर १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी ठेव. वायफाय नोंदींसाठी आहे. संबंध नसेल तेव्हा नोंदी बोर्डाच्या फ्लॅशमध्ये साठव, जोडलं गेलं की पाठव. उशिरा पोचलेल्या नोंदीने कुणाचं काही बिघडत नाही.

आणि तुझा सेन्सर जेमतेम साडेचार मीटरपर्यंत बघतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. खरा आकडा राजघाटच्या केंद्रीय जल आयोगाच्या मोजणीचा. इशारा पातळी ७०.२६२ मीटर, धोक्याची ७१.२६२, आणि १९७८ साली पाणी ७३.९०१ पर्यंत गेलं होतं. तुझी डबी आपल्या पायऱ्यांचं सांगेल, शहराचं नाही.

दादा म्हणतोय ना, "दे इकडे, मी बघतो"? नको देऊस. त्याला वायर धरायला बोलाव, शिडी धरायला बोलाव, पण स्क्रू ड्रायव्हर तुझ्याच हातात ठेव. तो वाईट नाही, पण तो आधी बोर्ड बदलेल, मग राउटर, मग कंटाळेल. आणि नेमकं कशाने बरं झालं हे कुणालाच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल, वहीत लिही, रात्रभर थांब, मग पुढची. एवढा धीर त्या घरात आत्ता तुझ्याकडेच आहे.

तेव्हा या आठवड्यात फक्त रीसेटचे आकडे. पुढच्या रविवारी १२ व्होल्ट आणि कपॅसिटर, त्यानंतर डबा. आषाढ लागायच्या आत बझर वाजला पाहिजे. आकडे मला रोज रात्री पाठव, आणि पैज मी हरले तर तेही कळव.